दोन बोटं उतार

गेल्झेनकिर्शन, मार्च. स्वयंपाकघराच्या टेबलावर
उरलेला वॉलपेपर उलटा पसरलाय,
टोकांवर मिठाची बरणी, माझा चष्मा, दोन बटाटे.
एबरहार्ट पाइप काढतोय.
निळ्या पेन्सिलीने वर जाणारं पाणी, लाल पेन्सिलीने खाली येणारं,
आणि एका काळ्या रेघेला अजून नाव नाही.

टाकी बाराशे लिटरची, दिवाणखान्यात.
तळघरात दुसरी, छोटी. तिला सम्प म्हणतात.
मासे वर, मग खाली कोण राहणार, मी विचारलं.
खाली काम राहतं, तो म्हणाला.
चौतीस वर्षं खाली राहिलेला माणूस,
त्याला विचारायलाच नको होतं.

"एकेक कोपर पाण्याचा दम खातं,"
तो नुरेत्तिनला सांगतो,
आणि नव्वद अंशाचं एक खोडून पंचेचाळीसची दोन घालतो,
आपण वळतोय हे पाण्याला कळू नये म्हणून.
मला नाही कधी इतक्या हळू वळवलंस,
मी कांदा चिरता चिरता म्हणते.
नुरेत्तिन हसतो. एबरहार्ट रेघ पुन्हा मोजतो.

नुरेत्तिन शेजारचा, त्याच खाणीतला.
आता जावयाच्या दुकानात बसून नळ विकतो.
झडपा आणतो, गोंदाचा डबा आणतो,
आणि चहा स्वतःचा. माझा त्याला पांचट लागतो.

शनिवारी स्टँड ठेवला, वर पाणसळ ठेवली.
बुडबुडा खिडकीकडे सरकला
आणि तिथेच बसला रुसून.
या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं.
घर कललंय हे आम्हाला ठाऊक होतं तसं :
ताटातले वाटाणे पळतात,
बेडरूमचं दार आपणहून मिटतं
(तरुण होतो तेव्हा त्याचं कौतुक होतं).
पण पाणी ठेवायचं तर खरं बोलावं लागतं.

नुरेत्तिनने विचारलं, "सातवा थर?"
"सातवा. ब्याऐंशी साल. आपलीच रात्रपाळी.
पंपावर नंतर आलो."
माझ्या शेगडीखालचा कोळसा
कुणाच्या शेगडीत गेला कोण जाणे.
दोघं गुडघ्यांवर बसून
लाकडाच्या पट्ट्या सरकवत राहिले संध्याकाळपर्यंत.

वीज गेली तर काय, हा त्याचा खरा प्रश्न.
इथल्या खाणी मिटल्या, पंप मिटले नाहीत,
ते थांबले तर आमच्या गल्लीचं तळं होईल.
झडपेवर त्याचा भरवसा नाही :
"एक गोगलगाय अडकली की संपलं."
त्याने नळीला भोक पाडलं, तांदळाच्या दाण्याएवढं,
पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली.
पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते
आणि त्याचा परतीचा हट्ट मोडतो.
भोक मी रोज काडीने साफ करीन, म्हणाला.
दात घासायची आठवण मला करावी लागते.

रविवारी भरली. पंप लावला.
घरात कुणी घोगऱ्या आवाजाचं राहायला आल्यासारखं वाटलं.
काळ्या रेघेचा पाइप कोरडा,
तो फक्त वाईट दिवसासाठी.
मग त्याने प्लग उपटला.

तळघराच्या पायरीवरून मी पाहिलं,
सम्प चढत होता. काठाला चार बोटं. तीन.
एबरहार्ट ओठांतल्या ओठांत मोजतोय,
नुरेत्तिनचा तळवा भिंतीवर,
तिकडे खाली ठेवत असेल तसाच.
दोन.
वरून हवेचा एक घोट ऐकू आला
आणि सगळं थांबलं, काठाच्या एक बोट खाली.

इतकी शांतता मी या घरात एकदाच ऐकली होती.
त्या रात्री तो यायचा होता
आणि फोनही आला नव्हता.

"लाव," मी म्हणाले. "लाव परत."
त्याने लावला.

वर येऊन नुरेत्तिनने आपला चहा ओतला,
टाकीतून पलीकडची खिडकी न्याहाळत म्हणाला,
"मासे कुठले घालणार?"

एबरहार्ट पेन्सिलीला टोक काढायला लागला.
ती आधीच टोकदार होती.