एक ओळ जास्त

शनिवारची दुपार, फोंडा, वीज जाऊन नुकती आलेली,
रविवारचे चौथे पान अजून अर्धे,
आणि तिस्कावरच्या पंखेवाल्या नायकांची जाहिरात
ठरल्यापेक्षा बोटभर उंच.
"गोष्टीतली एक ओळ काढ," संपादक म्हणाले
आणि पातळभाजी खायला गेले.

गोष्ट वाळपईहून आलेली, पोस्टकार्डावर,
निळ्या शाईत, मोजून आठ ओळी.
खाली नाव: शेवंती गावस. त्याच्याही खाली:
चूक असल्यास कळवणे.
मुद्रितशोधकाला असे लिहू नये कुणी.
बावीस वर्षे मी चुकांवरच जेवतो.

गिरणीत एक हात गेलेला माणूस
शर्ट शिवायला शिंप्याकडे येतो.
शिंपी म्हणतो, एका बाहीचे कापड उरते आहे,
त्या अंगाला, खाली, एक खिसा लावतो.
माणूस म्हणतो, त्यात हात कोण घालणार, तुझा बापूस?
शिंपी म्हणतो, ते खिशाला ठरवू दे.
म्हार्दोळच्या जत्रेत, गर्दीत,
त्याची धाकटी त्या खिशात हात घालून चालते.

बापुसापाशी मी हसलो,
एकटाच, मोठ्याने, खुर्चीसकट.
जत्रेत पोचलो तरी हसू तोंडातच होते
आणि आता ते कुठे ठेवायचे
कळेना.

"कितें जालें रे?" पान लावता लावता कायतान.
वाचून दाखवली.
तोही तिथेच खुसखुसला, बापुसापाशी,
मग उठून पाणी प्यायला गेला.
बाटली त्याच्या कोपराजवळ भरलेली होती.

परत आला तो धंद्याचे बोलत:
"पाचवी काढ. नुसता विनोद आहे,
गेला तर काही अडत नाही."
मी पाचवीवर अंगठा ठेवला.
खालची मुलगी एकदम गरीब दिसू लागली.
डोळे मोठे, फ्रॉक मळका,
कॅलेंडरवर असतात तशी.
अंगठा काढला.
पुन्हा चालू लागली, मजेत, खाजे खात.
(खाजे पोस्टकार्डात नाही. ते मी दिले.)

सहावी झाकली, तर शिंपी नुसता कापड वाचवणारा.
सातवी झाकली, तर जत्राच नाही, मग
गर्दी नाही, मग
हात घालायचे कारण काय.

माझ्या बापसाचे दोन्ही हात धड होते.
एखादा मी कधी धरला होता का
आठवून पाहिले,
कायतानला दिसणार नाही असा,
स्क्रीनकडे तोंड करून.

साडेपाचला पान गेले.
गोष्ट आठ ओळींची.
पंख्यांच्या जाहिरातीत तळाची ओळ नव्हती,
जिच्यात फोन नंबर होता.

सोमवारी नायक आले, पेपरची सुरळी करून,
घाम पुसत (पंखेवाल्याला घाम!)
"दोन दिवसांत एक फोन नाही!"
संपादकांनी माझ्याकडे पाहिले,
मी कायतानकडे, कायतानने भिंतीकडे.
अर्धेच बिल भरून ते निघाले,
दारापर्यंत गेले, थांबले.
"त्या शर्टवाल्याचा हात खंयचो गेल्लो?
उजवो काय दावो?"
लिहिलेले नाही, मी म्हटले.
त्यांनी स्वतःच्याच खिशाकडे पाहिले,
एका बाजूच्या, मग दुसऱ्या,
आणि दारात उभ्या उभ्या जरासे चालून बघितले.
"दावो आसतलो," ते म्हणाले.
"ना जाल्यार चली गाड्यांचे वटेन येता."

संध्याकाळी पोस्टात जाऊन कार्ड घेतले.
शेवंती गावस, वाळपई, सत्तरी.
चूक आढळली नाही.
फक्त हात डावा होता,
असे कळते.