वाहक

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
बाबांचा चौकोन काळा केला,
खाली सर्वेशचाही.
मधे मी : कोरं वर्तुळ,
पोटात ठिपका.

बाबा रातांबे दाबून बघायचे
पिकलेत का.
आम्ही हसायचो. आई नाही.

खलाशाच्या तपासणीत
ठिपक्याठिपक्यांत लपलेला आकडा विचारला.
सर्वेश म्हणाला, एकवीस.
मला वाटलं, वय सांगतोय.
मला तिथे चौऱ्याहत्तर दिसत होते,
स्वच्छ.

रात्री वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर
ट्रॉलर तोंड करून येतात.
लाल कुठला, तो विचारतो.
आपल्या उजवीकडचा, मी सांगते,
होडीचा डावा.
तो पाठ करतो.

धाकटी मधेच ओरडते,
मला दिसतोय गं लाल!
दिसणारच.
मलाही दिसतो.