टाक्या

दर दिवाळीच्या सुट्टीआधी बरण्यांत स्पिरिट भरायचं,
हे माझं काम.
प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, दुसरा मजला, वाशी.
विंचू, धामण, घोरपडीचं पिल्लू,
आणि खालच्या फळीवर, पार कोपऱ्यात, बरणी नंबर एक्केचाळीस.

लेबल पिवळं. शाई उडालेली.
पारसिक डोंगर. नर. एक.
नावाच्या जागी प्रश्नचिन्ह,
तेवढं मात्र ठसठशीत.

अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक.
रंग सगळा स्पिरिटनं पिऊन टाकलाय,
उरलाय उकडलेल्या बटाट्यासारखा.
पोट चिरून पुन्हा शिवलेलं,
टाके माझ्या सिझरच्या टाक्यांहून सुबक.

नवे सर म्हणाले, धोत्रेबाई, हा आता कुठेच नाही.
तीन पावसाळे बॅटरी घेऊन हिंडलेत ते रात्रीचे.
मी म्हटलं, सर, हा तर टाक्या.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

अप्पा तुर्भ्याच्या खाणीत सुरुंग भरायचे.
संध्याकाळी सगळ्यांचे घण थांबले
की वर कड्यातल्या ओल्या भेगेत कुणीतरी
टाकी चालवायला बसायचं
टक्. टक्. टक्-टक्.
अप्पा म्हणायचे, झाली याची पाळी सुरू.
मुकादम नाही, हजेरी नाही,
आणि दगड तर एक फुटत नाही.
आई म्हणायची, म्हणून तर डोंगर उभाय अजून.

मग डोंगर डंपरमध्ये बसून गेला.
नेरूळला गेला, सानपाड्याला गेला,
थोडा या कॉलेजच्या पायातही असेल.
दोन जिने मी रोज चढते,
गुडघा दुखतो तेव्हा अप्पांना बोल लावते.

आवाज कसा होता, सरांनी मोबाईल पुढे धरला.
मी कपाटाची किल्ली ओट्यावर वाजवली.
नाही, असा नाही. याहून ओला.
मग जीभ टाळूला लावून पाहिली,
दात पडलाय तिथून वाराच गेला नुसता.
सरांनी तोच जपून ठेवला.
आवाज. पारसिक. बाई. एक.

ती भेग कुणी उडवली ते त्यांनी विचारलं नाही.
मी झाकणाला मेण लावत होते.

वात पेटवण्याआधी अप्पा तीनदा ओरडायचे,
बार हाय, बाऽर, पळा!
माणसं पळायची, कुत्री पळायची,
शेळ्यांनासुद्धा कळायचं.
खाण रिकामी, गपगार,
आणि त्याला वाटायचं, झाली सुट्टी सगळ्यांची.
टक्.