बेंबीचं बी

दिओलिंदा ऑक्टोबरात बी फेकते
विहिरीच्या कठड्यालगत, चुनखडीच्या मातीत.
प्रत्येक बी इवलीशी बेंबी:
कडेला दातेरी, मधे खोलगट.
"खत नको. लाड केले की आडवी पडतात."
बेल्मिरो ऐकून घेतो
आणि बादलीभर कोंबडीखत आणतोच.

गोगलगायी ती रात्री वेचते, टॉर्च दातांत धरून.
दाटलेली रोपं उपटते.
उपटलेलं दुसरीकडे जगत नाही,
तिनं तीनदा करून पाहिलंय.

एप्रिलात राखी पानांवर पांढरं येतं,
दुधावर साय धरावी इतकं हळू.
बेल्मिरो गाढवाला लांबून फिरवून नेतो.

आलेंतेजूचा उन्हाळा जूनमध्येच
सगळं भाजून काढतो.
बी तिच्या मोज्यांना चिकटून
स्वयंपाकघरापर्यंत येतं.

हिवाळ्यात उंबऱ्याच्या फटीत एक उगवलंय.
बेल्मिरो पाय उचलून टाकतो.