बिनमिठाचं

शुक्रवारी सकाळी, दुआर्ननेच्या मासळीबाजाराकडे पाठ करून
मी माझं फळकूट मांडते.
लोणी. फक्त लोणी.
चीज हवं असेल तर पुढे यानिकच्या गाडीवर जा.

गिऱ्हाईक विचारतं, कोणतं घेऊ?
मी विचारते, पाव कोणता, आणि घाई किती?
शाळेची बस गाठायची असेल
तर दगडासारख्या लोण्यानं पावाला भोकं पडतात
आणि बोलणी पोरांना बसतात.
आत्ताचं, मे महिन्यातलं न्या.
गायी ओल्या गवतावर आहेत,
पिवळं उतरतंय, सुरीचं लगेच ऐकतं.
जानेवारीतलं फिकट आणि हेकट.
मिठाचे खडे दाताखाली कचकन येतात ते माझ्या आवडीचं,
पण आग्रह नाही.
लोणी लावायचं ते पावाला,
माणसांना लावणं मला कधी जमलं नाही.

सगळं फ्रिजमध्ये कोंबू नका.
चार दिवसांचं बाहेर,
उरलेलं कागदात घट्ट, कापलेल्या खरबुजापासून लांब.
लोण्याला डोळे नाहीत, कान नाहीत,
नुसतं नाक आहे.
शेजारी जे असेल ते ओढून घेतं
आणि पोटात ठेवत नाही.

एफ्लाम सार्डिनच्या बोटीवर होता, चाळीस वर्षं.
दोन हिवाळ्यांपूर्वी तापात त्याचा वास गेला.
जाळं कुजलं तरी कळायचं नाही,
गॅस सुटला तरी नाही.
तेव्हापासून दर शुक्रवारी तो भांडं घेऊन येतो,
मातीचं, निळ्या काठाचं,
खाली पाणी, वर झाकणाच्या वाटीत उलटं दाबलेलं लोणी,
पिशवीत सरळ धरून, जसं काही दिवा आणतोय.
माझ्यापुढे उघडतो.
"बघ, खवट झालंय का?"

मी वास घेते. त्याच्या बदली.
एकदा डिझेल होतं. एकदा नुसता कांदा, सलग महिनाभर,
तेव्हा कळलं की हा काही शिजवत नाहीये.
ख्रिसमसनंतर ओल्या भिंतीचा वास होता.
मी पाणी बदलायला सांगितलं, भिंतीबद्दल बोलले नाही.

या शुक्रवारी झाकण उचललं
आणि लव्हेंडर.
साबणाचं नव्हे. कापडाच्या घडीतलं, सुकं, जुनं.
लोण्यावर दोन सुऱ्यांच्या खुणा.
एक त्याची, कडेकडेनं खरवडणारी, कंजूष.
दुसरी मधोमध.

गावात असा वास एकीच्याच कपाटात असणार.
चर्चमागे शिवणकाम करते ती सोलांज,
लियोंकडची, वीस वर्षं इथे राहून
अजून बिनमिठाचं मागते.
आमच्या किनाऱ्यावर ते पथ्याला खातात,
तिच्यापुरतं मी एक पाकीट आणत असते.
गेले तीन आठवडे ती आलीच नव्हती.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले.
हा भांडं उघडून माझ्या नाकाखाली धरतो
आणि त्याला वाटतं, सगळं लपलंय.

"ताजं आहे," मी म्हटलं.
त्यानं नेहमीचं खारं घेतलं, पाव किलो.
मग पैसे मोजता मोजता, नाण्यांनाच सांगितल्यासारखं,
"आणि एक बिनमिठाचं.
केकसाठी."

एफ्लामच्या घरात ओव्हन नाही.
यानिक पलीकडून खोकला.

मी पाकीट कागदात गुंडाळलं, दोनदा.
सांगितलं, हे लवकर उतरतं.
मिठाचा आधार नाही ना त्याला.
पाणी रोज बदल, उन्हात ठेवू नकोस,
भांडंही वेगळं लागेल.
आणि दोन्ही भांडी एकमेकांना खेटून ठेवलीस
तर याचा वास त्याला लागेल.

त्यानं पिशवीत दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली,
वर टोपी घातली.

"लागू दे," म्हणाला.