सदतिसावा

नंदगडच्या लग्नात छत्तीसच्या छत्तीस संपले,
शेवटचा पंगतीचा, तोही हललेला.
परतताना खानापूरच्या खालच्या पुलावर
लूना बंद पडली म्हणून थांबलो.
मलप्रभेवर धुकं इतकं
की नदी नुसती ऐकू येत होती.

आणि त्यातून मडकी चालत आली.
सायकल नाही, माणूस नाही,
पेंढ्यात बांधलेली तीसेक मडकी
कमरेच्या उंचीवर, एकमेकांना धरून.
मग एक खांदा. मग मुंडासं.
पुलाच्या मध्यावर त्यानं मान वळवून
पाण्याकडं पाहिलं,
कुणी हाक मारल्यासारखं,
आणि मी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

याला आता तेवीस वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी गेलो, धुकं नाही.
पुढच्या गुरुवारी धुकं होतं, तो नव्हता.
कधी दोघंही होते आणि मधे उसाचा ट्रॅक्टर.
एकदा सगळं जुळलं, काचेवर दव.
एकदा सगळं जुळलं, फोटोही आला,
धुवून बघितला
तर नुसता चांगला होता.

भरमू कुंभार. नाव नंतर कळलं.
"काय करूलालास रे हितं रोज?
पुलाचं कंत्राट घेतलास काय?"
मी म्हणायचो, काका, परत एकदा बघा की पाण्याकडं.
तो बघायचा.
सांगितल्यावर माणूस जसा बघतो, तसा.

बसवण्णीच्या गाड्यावर चहा आधीच ओतलेला.
"इवत्तू सिगलिल्वा?"
मी मान हलवायचो.
नाही म्हणायला तिथं कुठलीच भाषा लागली नाही.

बायको म्हणायची, एवढ्या पेट्रोलात
दोनदा गोकर्ण झालं असतं.
एकदा सोबत आली,
पेरू खात कठड्याच्या दगडावर बसली.
मी म्हणालो, जरा सरकतेस का, मधे येतेस.

रोल गेले, कार्डं आली.
पुरात कठडा गेला, वर नवा पूल झाला,
खालच्यावर शेवाळ आणि म्हशी.
भरमू तरी खालूनच.
"वरती वारा लागतोय रे. मडकी आपसात बोलतात,
तडकतात."

या माघात कल्लाप्पा दुकानात आला.
"बाबाचा फोटो पायजे. फ्रेमीचा.
तुमच्याकडं असतील की ढीगभर."

डबे काढले, कॉम्प्युटर उघडला.
तीनशे बारा.
पाठ, पेंढा, खांदा, धुकं,
एका ठिकाणी अर्धा कान.
चेहरा एकही नाही.
कधी त्यानं माझ्याकडं बघितलं
की मी कॅमेरा खाली घ्यायचो, फ्रेम बिघडली म्हणून.
रेशनकार्डासाठी काढलेला एक होता,
निळ्या पडद्यापुढं.
त्यात डोळे मिटलेले.

कल्लाप्पा एकेक बघत गेला.
मी पंखा लावला, बंद केला.
"ह्यो खांदा बाबाचाच," तो म्हणाला. "डावा.
मडकं खाली ठेवताना पण असाच सोडायचा."
मग बराच वेळ गप्प.
मग हसला,
"पण पाठीला हार कसा घालायचा ओ?"

दोन नेले, मोठे करून.
अर्धे पैसे जबरदस्तीनं टेबलावर ठेवून गेला.

पाण्यात काय बघितलंत त्या दिवशी,
हे विचारायचं राहिलं.
विचारलं असतं तर म्हणाला असता,
कुठल्या दिवशी?

काल धुकं होतं.
तो वळला होता तिथं जाऊन उभा राहिलो.
कार्डात हजारांची जागा,
बॅटरी पूर्ण भरलेली,
आणि काठावरून बसवण्णी ओरडत होता
चहा निवला म्हणून.