चूल कोणत्या महिन्यात आली

किंचाओ बेटावर पाहुणा आला
की एदूविना चुलीची गोष्ट काढायची:
लोखंडी चूल, होडीत आडवी बांधलेली,
भर खाडीत वारा फिरला,
बेलार्मिनो मामा भीतीनं गायला लागला
आणि तीन मेंढ्या —

"दोन," रोसामेल म्हणायचा.

दोन मेंढ्या चुलीला टेकून उभ्या,
जणू आत विस्तव आहेच.
एप्रिल होता तेव्हा —
"मार्च. पावती आहे."

पावती खरंच होती.
पिठाच्या डब्यामागे, चारदा घडी घातलेली.
तो उठून ती आणेपर्यंत
होडी खाडीत तशीच थांबलेली,
मामा तोंड उघडं ठेवून.
पाहुणे चष्मा चढवून पावती वाचायचे.

बत्तीस वर्षांत रोसामेल एकदाही हरला नाही.

मग एका हिवाळ्यात पुतण्या आला, नवी बायको घेऊन.
ती म्हणाली, केवढी मोठी चूल!
एदूविना म्हणाली, हो, जुनी आहे.
आणि बटाटे सोलत राहिली.

रोसामेलनं वाट पाहिली.
डब्याकडे पाहिलं.
दुरुस्त करायला काहीच नव्हतं.

रात्री छपराच्या फळ्यांची करकर ऐकत
तो बराच वेळ पडून होता.
"सांगितली नाहीस."
"तुला पाठ आहे."
"मला तारखा पाठ आहेत."
ती कुशीवर वळली.

कुणी बोलतं नोंद नीट राहावी म्हणून,
कुणी, शेजारी कुणी बसावं म्हणून —
असं काही त्याला सुचलं नाही.
जेवून उठल्यावरही भूक राहावी
तसं काहीतरी झालं फक्त.

रविवारी शाळेचा नवा मास्तर आला.
"हिला विचारा," रोसामेल म्हणाला,
"ही चूल कशी आली ते."

एदूविनानं सुरी खाली ठेवली.
नवऱ्याकडे बघत, पापणी न लववता म्हणाली,
"जून होता. आणि नऊ मेंढ्या."

रोसामेलच्या मानेची शीर हलली.
त्यानं एक ओंडका उचलला,
चुलीत सारला, दार लावलं.
"पुढे?"

पुढे वारा फिरला, मामा गायला,
नऊच्या नऊ मेंढ्या एका अंगाला घसरल्या,
होडी कलली, मास्तर खुर्चीत कलला,
आणि सुकाणूवर हा, बावीस वर्षांचा, ओला,
देवाला शिव्या घालत —

रोसामेलला हसता हसता ठसका लागला.
इतकी वर्षं गोष्ट
त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तिनं पाणी दिलं.
"तसा मार्च होता," मास्तराला म्हणाली,
"पावती आहे आमच्याकडे."

आणायला कुणी उठलं नाही.